फुलानंतरचे दोन महिने

मे महिना सरत आला, वळवाची एखादी सर पडून गेली, की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायकांच्या पाट्यांमध्ये शेवळं दिसू लागतात. जोडीला काकडं. ज्यांच्या घरी हा बेत होतो त्यांना ठाऊक आहे, की आतल्या दांड्यावरचा पिवळट दाणेदार भाग काढून टाकला नाही आणि काकडाचा आंबटपणा पुरेसा पडला नाही तर घशाला खाज सुटते. भाजीच्या या खटाटोपात एक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. आपण चिरतो तो त्या झाडाचा फुलोरा आहे. पान अजून यायचंय. पाऊस नीट सुरू झालेला नाही, जमिनीत ओल मुरलेली नाही, आणि तरी वीतभर उंचीचा मांसल फुलोरा वर आलेला आहे. एवढा ऐवज आला कुठून? खाली मातीत बसलेल्या कंदातून. मागच्या पावसाळ्यात एकुलत्या एका पानानं उन्हातून जे कमावलं, ते कंदात साठलं आणि आठ महिने तिथंच पडून राहिलं. या वर्षीचा फुलोरा म्हणजे मागच्या वर्षीच्या पानाची कमाई.

हे पुस्तक ग्लॅडिओलस आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल आहे, शेवळांबद्दल नाही. तरी सुरुवात शेवळांपासून केली, कारण वाफ्यातल्या रंगीत फुलांचे हे कंद परदेशी आणि नाजूक असतात, ते आपल्याला जमायचे नाहीत, असा एक समज घरगुती बागकाम करणाऱ्यांमध्ये आहे. तो काढून टाकायला हवा. सुरण हा कंदच आहे. अळूचा गड्डा आणि त्याच्याभोवती लागलेल्या अळकुड्या हे कंद आणि त्याची पिल्लंच आहेत. परसातली केळ दर वर्षी नवा पोगा काढते तीही जमिनीतल्या गड्ड्यावरून. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत यांना घनकंद म्हणतात. मी पुढे नुसतं कंदच म्हणणार आहे.

ग्लॅडिओलसचा एक कंद हातात घेऊन बघण्यासारखा आहे. चांगला असेल तर चार-पाच सेंटिमीटर रुंद, वरून फुगीर, खालून किंचित खोलगट. अंगावर तपकिरी कागदी पापुद्रे असतात. ती मागच्या हंगामातल्या पानांची वाळलेली बुडं. एकेक पापुद्रा सोलत गेलात तर प्रत्येकाच्या उगमाशी कंदाभोवती फिरलेली एक बारीक गोल रेघ दिसते. उसाच्या कांड्यावर पेरं असतात तीच ही पेरं. फक्त इथं खोड आखडून बसकं झालंय, त्यामुळं पेरं एकमेकांना खेटून आली आहेत. प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा. पानं आळीपाळीनं दोन बाजूंना येत असल्यामुळं सगळे डोळे एकाच रेषेत पडतात: माथ्यावरचा मोठा, दोन्ही बाजूंना उतरत जाणारे लहान. कंद उलटा केला की मध्यभागी वाटोळा व्रण दिसतो. आधीचा कंद तिथं चिकटलेला होता. आता सुरीनं मधोमध कापा. कांदा कापल्यावर थर सुटतात, कारण कांदा म्हणजे मांसल झालेली पानं. इथं थर नाहीत. सुरणासारखा सलग, भरीव, पिवळसर पांढरा गर आहे, म्हणजे नुसतं खोड, पिठानं भरलेलं. कापलेला कंदही वाया जात नाही. दोन्ही तुकड्यांवर एकेक डोळा आला असेल तर कापलेल्या बाजूंना बुरशीनाशक लावून, त्या सुकवून दोन्ही लावता येतात. बेणं महाग असतं तेव्हा शेतकरी हेच करतात.

जमिनीखाली पुढं जे घडतं ते मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. लावलेल्या कंदाच्या तळातून मुळं सुटतात, माथ्यावरचा डोळा फुटून कोंब वर येतो. जुना कंद आपल्यातला साठा कोंबाला पुरवत राहतो आणि हळूहळू रिता होतो. दरम्यान कोंबाच्या बुडाशी, जुन्या कंदाच्या बरोबर वर, खोड फुगायला लागतं. हा नवा कंद. त्याच्या तळातून निराळीच जाड, पांढरी, आडव्या सुरकुत्यांची मुळं निघतात. ती आखडतात आणि नव्या कंदाला खाली ओढतात. तसं झालं नाही तर दर वर्षी एक मजला चढत कंद काही वर्षांत जमिनीच्या वर येऊन बसेल. जुन्या आणि नव्या कंदाच्या सांध्यातून बारीक दांड्यांवर वाटाण्याएवढी पिल्लं लागतात, कधी दोन-चार, कधी मूठभर. हंगामाच्या शेवटी झाड उपटलं तर हातात येतो नवा टणक कंद, त्याच्या बुडाला चिकटलेली जुन्याची वाळकी चकती, आणि मधल्या खाचेत पिल्लांचा झुबका.

म्हणजे ग्लॅडिओलस बहुवर्षायू आहे, पण त्यातला कुठलाच भाग फार जुना नसतो. ऑक्टोबरमध्ये जो कंद आपण लावला तो मार्चमध्ये शिल्लक नसतो. शिल्लक असतो त्याचा वारस, आणि तो किती मोठा झाला हे फूल संपल्यानंतरचे दोन महिने ठरवतात. फूल येईपर्यंत झाड बराच काळ जुन्या साठ्यावर आणि नव्या कमाईवर मिळून चालतं. दांडी फुलून गेली की पानांची सगळी कमाई नव्या कंदाकडं वळते. ही साधी गोष्ट कळली की या पुस्तकातला बराचसा मजकूर वाचकाला स्वतःच सुचेल.

आणि नेमक्या याच दोन महिन्यांत आपल्याकडं झाडाची आबाळ होते. सोसायटीच्या बागेत बघा. फुलं आहेत तोवर कौतुक, फोटो, पाणी. फुलं सुकली की वाफा ‘साफ’ करायचा हुकूम सुटतो आणि माळी हिरवीगार पानं जमिनीलगत कापून टाकतो. पुढच्या वर्षी बारीक, वाकड्या दांड्या आल्या किंवा नुसतीच पानं आली, की कंद ‘उतरला’ असं म्हणायचं आणि नवीन विकत आणायचे. कंद उतरलेला नसतो, उपाशी असतो. फुलांचा व्यापार करणारा शेतकरीसुद्धा दांडी कापताना खाली चार-पाच पानं राखतो, कारण पुढच्या वर्षीचं बेणं त्याला त्याच झाडाकडून हवं असतं. घरच्या वाफ्यात तर दांडी कापण्याचीही गरज नाही. सुकलेली फुलं खुडून बोंडं धरू दिली नाहीत तरी पुरे. त्यानंतर पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, ती वाफ्यात उभीच राहणार. दिसायला ती देखणी नसतात, हे कबूल. त्यासाठी त्यांच्या पुढ्यात काय लावावं, यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात उपयोगाचं आहे.

हे झाड असं का वागतं ते त्याच्या माहेरी गेल्याशिवाय कळत नाही. ग्लॅडिओलसच्या अडीचशेहून अधिक जातींपैकी बहुसंख्य आफ्रिकेत आहेत, आणि त्यातल्या दीडशेहून जास्त खंडाच्या दक्षिण भागात. पीटर गोल्डब्लाट आणि जॉन मॅनिंग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या जातींचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात या पसाऱ्याचा नीट अंदाज येतो. दक्षिण टोकाच्या केप प्रदेशात पश्चिमेला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठाक जातो; पूर्वेला, ड्रेकन्सबर्ग डोंगरांच्या बाजूला, पाऊस आपल्यासारखा उन्हाळ्यात पडतो. दोन्हीकडं वर्षातले काही महिने वर काही उगवण्याजोगं नसतंच. कधी दुष्काळ, कधी वणवा. खाली कंदात दडून बसणं हा त्यावरचा तोडगा. पण साठा केला म्हणजे चोर आलेच. साळिंदरं, जमिनीखाली बिळं करणारे उंदीर, बबून माकडं या कंदांवर टपलेली असतात. बाबिआना नावाच्या एका भाऊबंदाला तर नावच बबूनवरून पडलंय. तिथली आदिम माणसंही वॉट्सोनियाचे कंद खात आली. कागदी किंवा काथ्यासारखे पापुद्रे, खाली ओढणारी मुळं आणि सांध्यातून सहज निखळून मातीतच राहणारी पिल्लं, ही सगळी त्या चोरांविरुद्धची तयारी. आपल्या सह्याद्रीतही रानडुक्कर आणि साळिंदर कंदांमागं असेच लागतात. ज्यांची बाग जंगलाच्या कडेला आहे त्यांनी याची नोंद घ्यावी.

रानातले ग्लॅडिओलस बघितले तर आपल्या वाफ्यातल्यांचे ते नातेवाईक आहेत यावर विश्वास बसत नाही. दांडी सडपातळ, फुलं मोजकी, आणि प्रत्येक जातीचं कुणा एका किड्याशी किंवा पाखराशी साटंलोटं. ‘कार्डिनालिस’ या जातीची लालभडक फुलं धबधब्याशेजारच्या कड्यांवर लोंबतात आणि लाल रंगामागं लागणारं एक मोठं तपकिरी फुलपाखरू त्यांच्यावर येतं. ‘ट्रिस्टिस’ फिकट पिवळसर. दिवसा बिनवासाचं, रात्री पतंगांसाठी घमघमणारं. ‘लिलिएसिअस’ तर दिवसा तपकिरी असतं आणि संध्याकाळी जांभळट होऊन वास सोडायला लागतं. ‘अँगुस्टस’च्या फुलांच्या नळ्या इतक्या लांब, की त्यांच्या तळाचा मध मिळवायला आपल्या शरीराच्या कितीतरी पट लांब सोंड असलेली माशीच लागते. संकर करणाऱ्यांनी पुढं यातून आकार आणि रंग तेवढे उचलले. वास वाटेत कुठंतरी सांडला, आणि तो परत आणण्याचे प्रयत्न आजवर अर्धेमुर्धेच साधले आहेत. निशिगंधाची सवय असलेल्या मराठी नाकाला ग्लॅडिओलस कायम थोडा कोरडा वाटतो, त्याचं कारण हे.

केपहून हे कंद जहाजांतून युरोपात गेले, तेव्हा प्रथम त्यांना काचघरात ठेवलं गेलं. 1823 मध्ये लंडनजवळ चेल्सीच्या कोल्व्हिल रोपवाटिकेत ट्रिस्टिस आणि कार्डिनालिस यांचा संकर झाला. पण उघड्या वाफ्यात उन्हाळाभर फुलणारं झाड मिळालं ते बेल्जियममध्ये. आरेनबर्गच्या ड्यूकचा माळी बेडिंगहाउस यानं केलेला संकर गेंटच्या लुई व्हान हूट यानं 1841 मध्ये बाजारात आणला आणि त्याला गेंटचंच नाव मिळालं. आज दादरच्या फुलबाजारात जी दांडी मिळते तिची वंशावळ तिथपर्यंत जाते. त्यानंतर फ्रान्समधल्या नान्सीचा व्हिक्टर लेमॉइन यानं फुलांच्या गळ्याशी गडद डाग आणले. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या गोशेनचा कुंडर्ड यानं 1907 मध्ये चुणीदार पाकळ्यांचा ग्लॅडिओलस लोकांसमोर ठेवला, आणि ही झालर इतकी रुजली की साध्या कडेचं फूल आता जुनाट वाटतं. मधली एक हकिकत मला विशेष आवडते. झांबेझी नदीवरचा, व्हिक्टोरिया धबधब्यासमोरचा पूल 1905 मध्ये पुरा झाला. त्या कामातले अभियंते सर फ्रान्सिस फॉक्स यांनी धबधब्याच्या तुषारांत भिजणाऱ्या झाडीतले पिवळे ग्लॅडिओलस पाहून त्यांचे कंद इंग्लंडला पाठवले. त्या फुलाची वरची पाकळी टोपीसारखी पुढं झुकलेली होती, त्यामुळं सततच्या तुषारांतही पराग कोरडे राहत. पिवळा, केशरी आणि जर्दाळू छटांचे जे ग्लॅडिओलस आज आपण सहज विकत घेतो, त्यांच्यात या धबधब्याकाठच्या झाडाचा मोठा वाटा आहे.

वाफ्यात ग्लॅडिओलसला मानाची जागा दिली इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल यांनी. मुळात चित्रकार, नजर अधू होत गेली तशा बागेकडं वळल्या, आणि रंगांचे पट्टे मनात धरून लांबच लांब वाफे आखू लागल्या. टोकाला निळे-करडे रंग, मधोमध लाल-केशरी, पुन्हा दुसऱ्या टोकाला थंड रंग. त्या तापलेल्या मधल्या भागात लाल ग्लॅडिओलसचे पुंजके त्यांनी मुद्दाम वापरले. इथं पुंजके हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या सार्वजनिक बागांत ग्लॅडिओलस कवायतीला उभं केल्यासारखे सरळ रांगेत लावतात, आणि मग तो वाफा न वाटता शेताचा तुकडा वाटतो. एका जातीचे सात-आठ कंद वीतभर अंतरावर वेड्यावाकड्या घोळक्यात लावले, पुढं झेंडू किंवा साल्व्हिया, मागं कर्दळ, की तेच झाड निराळं दिसतं. दांड्या एकमेकींच्या आधारानं उभ्याही राहतात. प्रत्येकीला काठी बांधावी लागत नाही.

आपल्याकडं ग्लॅडिओलस आला तो इंग्रजांच्या थंड हवेच्या ठाण्यांतून, पण मैदानात उतरला तो संशोधन केंद्रांमुळं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं मीरा, नजराणा, सपना, पूनम, आरती या जाती काढल्या. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं मनीषा आणि मोहिनी. दिल्लीच्या पुसा संस्थेनंही बऱ्याच. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्रातून फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस, फुले नीलरेखा आल्या. नावं वाचून एखाद्या लग्नाची पत्रिका वाटावी, पण यांचा फायदा खरा आहे: दख्खनच्या हवेत निवडून काढलेल्या जाती दख्खनमध्ये कुरकुर कमी करतात. अमेरिकन ब्यूटी, व्हाइट प्रॉस्पेरिटी, नोव्हा लक्स ही बाहेरची नावंही इथं रुळली आहेत. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा ग्लॅडिओलसचा भर असतो. तिथं जाऊन नावं टिपून घ्यावीत. कॅटलॉगमधल्या फोटोंपेक्षा ते भरवशाचं.

तरीही सामान्य मराठी माणसाच्या मनात ग्लॅडिओलस म्हणजे सत्काराच्या गुच्छातली उंच दांडी. फुलवाला ती उभी का ठेवतो याकडं कुणी लक्ष देत नाही. आडवी ठेवली तर काही तासांत शेंडा वर वळायला लागतो आणि मग दांडी सरळ होत नाही. गुरुत्वाच्या उलट दिशेनं वाढायचा तिचा हट्ट तोडल्यावरही सुटत नाही. सर्वांत खालच्या फुलानं रंग दाखवला की दांडी कापतात. बाकीची फुलं खालून वर पाण्यात उमलत जातात. वाफ्यात लावणाऱ्याला हा क्रम आठ-दहा दिवस रोज बघायला मिळतो. गुच्छ घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातले दोनच दिवस येतात.

भाऊबंदांबद्दल थोडक्यात. क्रोकोस्मिया, ज्याला जुने माळी माँटब्रेशिया म्हणतात, तोही लेमॉइनचाच. दोन आफ्रिकी जातींचा त्यानं केलेला संकर 1880 मध्ये फुलला. कमानदार दांडीवर केशरी फुलांच्या दुहेरी ओळी. याची तऱ्हा ग्लॅडिओलसच्या उलट: जुने कंद मरत नाहीत, नव्याखाली एकावर एक रचलेले राहतात. जुना ठोंब खणला तर पाच-सहा कंदांची उतरंड एका अखंड दोरीनं वर येते, आणि खालचे कंदही सवड मिळाली की फुटतात. म्हणून हे झाड एकदा लागलं की हटत नाही. ब्रिटनच्या ओल्या पश्चिम किनाऱ्यावर ते रानोमाळ पसरलं, आणि इंग्लंड-वेल्समध्ये ते रानात सोडण्याला आता कायद्यानं बंदी आहे. निलगिरी आणि हिमालयाच्या थंड डोंगरांतही ते कुंपणाबाहेर पडलेलं दिसतं. महाबळेश्वर-पाचगणीकडं ज्यांची बाग असेल त्यांनी ते हौसेनं लावावं, पण ओढ्याकाठी, रानाच्या हद्दीत कंद फेकू नयेत. सह्याद्रीला घाणेरी आणि रानमोडी पुरे आहेत.

फ्रीसिया, स्पारॅक्सिस, इक्सिया ही मंडळी हिवाळी पावसाच्या केपमधली. त्यांना कळी धरायला थंड रात्री लागतात. नाशिक, पुणे, सातारा, छत्रपती संभाजीनगरच्या हिवाळ्यात ती कुंडीत जमतात. मुंबईत आणि किनाऱ्यावर त्यांच्या नादी लागू नये. केशराचा कंदही याच कुळातला. केशराला बी धरतच नाही, आजवरचं प्रत्येक झाड माणसानं कंदाची पिल्लं वेगळी करूनच वाढवलेलं आहे. पण पांपोरच्या करेवा जमिनीत जे घडतं ते गॅलरीतल्या कुंडीत घडेल असं सांगून कंद विकणाऱ्यांपासून जपून राहावं. वातानुकूलित खोलीतलं केशर हा निराळा उद्योग आहे, त्याला बागकाम म्हणता यायचं नाही.

आता आपल्या पंचांगाबद्दल, कारण इंग्रजी पुस्तकं वाचून बागकाम शिकलेल्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथं होतो. तिकडं कंद वसंतात लावतात, उन्हाळ्यात फुलवतात आणि बर्फाच्या भीतीनं शरदात काढतात. न्यू जर्सी किंवा लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी वाचकांनी तेच करायचं आहे. आपल्याकडं बर्फ नाही. आपलं संकट पाऊस आहे. घाटावर नवरात्राच्या सुमारास लावणी, डिसेंबर-जानेवारीत फुलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी, शिमग्याच्या आसपास काढणी, आणि मग गणपती होईपर्यंत विश्रांती. नुकता काढलेला कंद तीनेक महिने काही केल्या उगवत नाही. त्याच्यात झोपेचा रासायनिक अंमल असतो. व्यापारी लोक तो उतरवायला चार-पाच अंशांच्या शीतगृहात कंद ठेवतात. घरच्या बागेला त्याची घाई नसते, कारण आपली विश्रांती आपोआपच सहा महिन्यांची होते. विदर्भात थंडी चांगली असली तरी उन्हाळा लवकर चढतो, म्हणून लावणी लांबवू नये. कोकण-गोव्यात पावसाळा पूर्ण ओसरल्याशिवाय कंदाला हात लावू नये. जांभ्या जमिनीतून पाणी निघून जातं ही जमेची बाजू, पण हवा दमट असल्यामुळं बुरशीवर लक्ष ठेवावं लागतं.

काळ्या जमिनीत कंद सडतो तो पाण्यामुळं कमी आणि हवा न मिळाल्यामुळं जास्त. वाफा वीतभर उंच करून, पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळून ही अडचण निघते. ताजं शेणखत नको. खोली भारी मातीत आठ-दहा सेंटिमीटर, हलक्या मातीत त्याहून थोडी अधिक. उथळ लावलं की दांडी फुलांच्या भारानं लवंडते. ऊन दिवसभर हवं. सावलीत कळी आतल्या आतच मरते आणि नुसती पानं येतात. सिंगल सुपर फॉस्फेट मात्र सढळ हातानं टाकू नका. त्यात थोडं फ्लोराइड असतं आणि ग्लॅडिओलस त्या बाबतीत फार हळवा आहे. पानांची टोकं करपतात आणि लोक पाण्याला दोष देतात. यवतमाळ-चंद्रपूरकडं जिथं विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड आहे, तिथं तो दोष पाण्याचाही असू शकतो. पानांवर आणि कळ्यांवर रुपेरी चट्टे दिसले तर फुलकिडे समजावेत. अवेळी पिवळं पडून वाकणारं झाड मररोगाचं; ते कंदासकट उपटून जाळावं, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये, आणि त्या जागी दोन-तीन वर्षं ग्लॅडिओलस लावू नये.

काढलेले कंद सावलीत सुकवले, जुनी चकती मोडून टाकली, पिल्लं वेगळी केली, कार्बेन्डाझिमच्या किंवा कॅप्टानच्या पाण्यात अर्धा तास बुडवून पुन्हा सुकवले, की उरतो साठवणीचा प्रश्न. लासलगावकडच्या माणसाला तो समजवायला नको. कांदाचाळीला खालून आणि बाजूनं वारा का लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याला कंद जाळीच्या पिशवीत, एका थराएवढेच, हवेशीर जागी का टांगायचे ते कळतं. एप्रिल-मेच्या उन्हाची लोक धास्ती घेतात. ऊन कंद सुकवतं हे खरं, पण घात होतो जुलै-ऑगस्टच्या दमटपणात. दर पंधरवड्याला पिशवी उतरवून हात फिरवावा, मऊ पडलेला कंद काढून टाकावा. पिल्लं फेकू नयेत. त्यांचं कवच कडक असतं, लावण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवावीत. दोन-तीन हंगामांत ती फुलायच्या आकाराची होतात, आणि विकतच्या कंदांचा खर्च कायमचा सुटतो.

या पुस्तकात फोटो कमी आणि तक्ते जास्त आहेत, याबद्दल काही वाचक कुरकुर करतील. तक्ते जिल्हावार आहेत आणि ते लावणीपेक्षा काढणीच्या तारखांबद्दल अधिक बोलतात. त्यामागचा हेतू वर येऊन गेलाच आहे. निशिगंध, लिली, कर्दळ यांना इथं जागा दिलेली नाही, कारण त्यांचे कंद आणि गड्डे निराळ्या घडणीचे आहेत आणि त्यांची विश्रांतीही निराळी. कळलावी आणि सापकांद्यासारख्या सह्याद्रीतल्या झाडांचाही मोह टाळला आहे. त्यांच्यावर लिहिलं की कुणीतरी ती रानातून उपटून आणतो.

एक गोष्ट पुस्तकात शेवटच्या पानावर गेली आहे, ती इथं पुढं आणतो, कारण बरेच जण पुस्तक वाचायच्या आधीच कंद आणायला जातात. दुकानात सगळ्यात रुंद कंद उचलू नका. रुंद, चपटा आणि बुडाला मोठा व्रण असलेला कंद थकलेला असतो. व्रण लहान, माथा उंच आणि दाबल्यावर टणक असा मध्यम कंद त्याच्यापेक्षा सरस दांडी देतो. पापुद्रा थोडा सोलून आत काळे-तपकिरी डाग नाहीत ना ते बघा. दुकानदार सोलू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.